मिठाची बरणी आणि केशराची खोली

केशराची खोली पाहायला घरी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न तापमानाचा विचारतो. पुण्यात एवढे ऊन असताना काश्मीरची थंडी आणता तरी कुठून, असा तो प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर अगदी सोपे आहे. भिंतीवर टांगलेला एक टनाचा एसी ती आणतो. हवेतल्या पाण्याविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि मला या तीन वर्षांत सगळ्यात जास्त जागवले ते त्या पाण्यानेच. म्हणून आज त्याविषयीच सविस्तर लिहितो आहे.

निवृत्तीपूर्वी मी सव्वीस वर्षे शीतगृहांच्या देखभालीचे काम केले आणि त्यातला बराच काळ नाशिककडे द्राक्षांच्या शीतगृहांत गेला. शून्य अंशाला आणि नव्वद टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेला टनावारी द्राक्षे आठवडेच्या आठवडे सांभाळलेल्या माणसाला दहा बाय बाराची एक खोली सांभाळणे म्हणजे पोरखेळ वाटणे साहजिक होते. तो वाटला, आणि त्या वाटण्याची किंमत पहिल्या वर्षी सुमारे सहाशे कंदांनी चुकती केली.

ज्यांना हे पीक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केशराला बी धरत नाही. ते कंदावरच वाढते. मातीत लावलेला कंद पाने आणि फुले देतो, स्वतः आटून जातो आणि जाताना आपल्या अंगावर नवे लहान कंद ठेवून जातो. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर ऑक्टोबरच्या अखेरीस फुले येतात, एप्रिल-मेपर्यंत पाने हिरवी राहतात आणि मग उन्हाळाभर कंद निजलेला असतो. या निजलेल्या दिसणाऱ्या काळातच त्याच्या पोटात पुढच्या फुलाची घडण होत असते. खोलीत केशर घेण्याची सारी युक्ती एका गोष्टीवर उभी आहे: चांगल्या वजनाच्या कंदाला फूल देण्यासाठी माती लागत नाही आणि पाणीही लागत नाही. लाकडी ट्रेमध्ये नुसता मांडून ठेवलेला कंद स्वतःच्या साठ्यावर फुलतो. त्याला हवी असते ती फक्त योग्य हवा.

ही योग्य हवा कोणती, याचे बऱ्यापैकी नेमके उत्तर स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून मिळते. फुलाची घडण २३ ते २७ अंश सेल्सिअसमध्ये उत्तम होते, त्यासाठी पन्नासहून अधिक दिवस द्यावे लागतात, आणि घडलेले फूल कंदाबाहेर येण्यासाठी तापमान सुमारे १७ अंशांवर आणावे लागते. म्हणजे खोलीचे दोन ऋतू होतात. जुलैअखेर कंद आले की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पंचविशीचा ऊबदार, अंधारा ऋतू; आणि त्यानंतर आठवडाभरात हळूहळू उतरत सतरा अंशांवर नेलेला थंड ऋतू. पुण्याच्या पंचांगात पहिला ऋतू नेमका भर पावसाळ्यात येतो आणि दुसऱ्याची सुरुवात ऑक्टोबरच्या उकाड्यात होते. दोन्ही वेळी बाहेरची हवा खोलीच्या विरुद्ध बाजूने ओढत असते, पण दोन वेळच्या ओढीची दिशा वेगळी असते, आणि मला हे कळायला एक हंगाम जावा लागला.

पहिल्या वर्षी मी चाळीस किलो कंद आणले. सरासरी दहा ग्रॅमचा एक धरला तर चार हजार नग. खोलीला दोन इंची थर्माकोल लावला, एसी पंचवीसवर ठेवला आणि निश्चिंत झालो. पुण्यात ऑगस्टमध्ये बाहेरचेच तापमान चोवीस-पंचवीसच्या आसपास रेंगाळत असते. त्यामुळे एसीला थंड करण्यासारखे काही उरतच नव्हते. कॉम्प्रेसर दिवसातून चार-दोन वेळा मिनिटभर चाले आणि बंद पडे. पंखा मात्र फिरत राही आणि कॉइलवर साचलेले थोडेसे पाणीही पुन्हा खोलीत उडवून देई. एसी हवा कोरडी करतो हे आपण गृहीत धरतो, पण ती त्याच्या थंड करण्याच्या कामातून पडणारी जोडकमाई आहे. थंड करायचे काम नसेल तर कोरडे करण्याचे कामही होत नाही. हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होते, नोकरीत शंभर वेळा इतरांना सांगून झाले होते, आणि तरीही स्वतःच्या घरात ते माझ्या ध्यानात आले नाही.

ध्यानात आले ते वासाने. गणपतीच्या सुमारास एके सकाळी दार उघडले तर जुन्या गोणपाटासारखा कोंदट वास आला. खालच्या दोन ओळींतल्या कंदांच्या सालीखाली हिरवट-निळी बुरशी धरली होती. ही पेनिसिलियम कुळातली, साठवणीतल्या कंदांची नेहमीची वैरीण. काही कंद बोटाने दाबल्यावर मऊ लागत होते. गंमत अशी की खोलीतला आर्द्रतामापक त्या क्षणीही अडुसष्ट टक्के दाखवत होता, आणि मी सत्तरच्या खाली राहायचे ठरवले होते.

मापकाकडे वळण्यापूर्वी मिठाविषयी सांगायला हवे. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते आणि आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. हे पाणी वाटेल तेव्हा सुटत नाही. शुद्ध मिठाभोवतीच्या हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते त्याहून कमी आर्द्रतेलाच पाझरू लागते. याच गुणाचा उपयोग उलटा करता येतो. वाटीभर बारीक मिठात चमचा-दोन चमचे पाणी घालून ओल्या वाळूसारखे करावे, ती वाटी आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि रात्रभर हात लावू नये. सकाळी डब्यातली हवा पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिर झालेली असते, आणि खोली पंधरा अंशांना असो की तीस, या आकड्यात जवळजवळ फरक पडत नाही. माझ्या मापकाने सकाळी सहासष्ट दाखवले. याचा अर्थ नऊ टक्के कमी सांगणाऱ्या यंत्रावर विसंबून मी चार हजार कंद सत्त्याहत्तर टक्क्यांत उबवत बसलो होतो. तेव्हापासून खोलीत चार मापक असतात, दर जूनमध्ये चौघांची मिठाच्या डब्यात परीक्षा होते आणि ज्याचे जितके चुकते तो आकडा त्याच्या पाठीवर पट्टी लावून लिहिलेला असतो. शिवाय दाराजवळच्या फळीवर बारीक मिठाची एक उघडी बशी असते. तिला वीज लागत नाही आणि मीठ भिजलेले दिसले की कोणताही आकडा न वाचता मी कामाला लागतो.

पावसाळ्यातल्या दमटपणावर मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय ऐकून लोक हसतात, कारण तो खोली थोडी तापवण्याचा आहे. हिशेब असा आहे. चोवीस अंशांची हवा पंच्याऐंशी टक्के दमट असेल आणि त्यातले पाणी तेवढेच ठेवून ती सव्वीस अंशांवर नेली, तर आर्द्रता शहात्तरच्या आसपास उतरते. पाण्याचा एक थेंबही बाहेर काढलेला नसतो; हवेची पाणी धरण्याची ऐपत तेवढी वाढलेली असते. पहिल्या ऋतूत सत्तावीसपर्यंत कंदाची तक्रार नसते, म्हणून दोन अंशांची ही सवलत वापरायला हरकत नसते. मी भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा बल्ब बसवला, म्हणजे ऊब मिळते आणि अंधारही राहतो. रात्री आणि पहाटे, बाहेर गारठा आणि झड असताना, एवढ्याने बहुतेक भागते. दुपारी जेव्हा खोली आधीच सव्वीसला टेकलेली असते तेव्हा मात्र पाणी खरोखर उपसावे लागते, आणि त्यासाठी डिह्युमिडिफायर आणावाच लागला.

त्या यंत्राविषयी विक्रेते एक गोष्ट सांगत नाहीत. एक लिटर पाण्याची वाफ पुन्हा पाणी होते तेव्हा सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता मोकळी होते. एसीच्या बाबतीत ती बाहेरच्या युनिटवाटे गच्चीवर फेकली जाते. डिह्युमिडिफायर मात्र पूर्णपणे खोलीतच बसलेला असतो, त्यामुळे ती उष्णता आणि शिवाय त्याने स्वतः खाल्लेली वीज, दोन्ही खोलीतच राहतात. दिवसाला चार-पाच लिटर पाणी काढणारे यंत्र लहानशा खोलीत दोन-तीन अंश सहज चढवते. म्हणून पावसाळ्याच्या दुपारी एसी आणि डिह्युमिडिफायर ही जोडी एकत्रच चालवावी लागते: डिह्युमिडिफायर खोली तापवतो, त्यामुळे एसीला काम मिळते, आणि काम मिळाल्याने एसीही आपल्या परीने पाणी काढू लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे दोन यंत्रांचे भांडण वाटते. प्रत्यक्षात दोघांची गाठ एकाच कामाला बांधलेली असते.

आता टक्क्यांविषयी, कारण माझ्या मते घरात पीक घेणाऱ्यांचा सर्वांत मोठा घोळ या शब्दात आहे. सत्तर टक्के आर्द्रता म्हणजे हवा किती पाणी शोषू शकते हे केवळ त्या सत्तरवरून सांगताच येत नाही. हवेत असलेल्या वाफेचा दाब आणि त्या तापमानाला मावू शकणाऱ्या वाफेचा दाब यांतील अंतर हे खरे शोषणाचे माप. त्याला बाष्पदाबाची तूट म्हणता येईल. सत्तर टक्क्यांनाच सतरा अंशांवर ही तूट ०.५८ किलोपास्कल असते, पंचवीस अंशांवर ०.९५ आणि पस्तीस अंशांवर १.६९. म्हणजे मापकावर सत्तर हाच आकडा दिसत असताना पस्तीस अंशांची हवा सतरा अंशांच्या हवेच्या जवळजवळ तिप्पट जोराने पाणी ओढत असते. वैशाखातला पापड तासाभरात वाळतो आणि थंडीतल्या सकाळी तोच दुपारपर्यंत लवचीक राहतो, यामागे हेच अंतर आहे.

या तुटीविषयी बंद खोलीच्या अनुषंगाने सर्वांत जास्त आणि सर्वांत बारकाईने लिहिलेले कोणाचे असावे, तर परदेशातल्या गांजा पिकवणाऱ्या हौशी लोकांचे. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरी चार झाडे लावायला कायद्याने मुभा आहे आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार ती लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे, त्यामुळे आपला संबंध केवळ त्यांच्या तक्त्यांपुरता. पण ते तक्तेही डोळे मिटून उचलता येत नाहीत, आणि हे मी पाहिले आहे. केशराच्या खोल्या उभारून देणाऱ्या एका प्रशिक्षकाने वाटलेल्या कागदावर फुलोऱ्याच्या काळात हवा कोरडी करत न्यावी असे छापले होते. ते त्या दुसऱ्या पिकाला बरोबर आहे, कारण त्याच्या घट्ट, दाट फुलोऱ्याच्या पोटात ओल कोंडली की करडी बुरशी धरते. द्राक्षाच्या घट्ट घडात धरते तीच ती बोट्रायटिस. केशराचे फूल सुटे, पातळ पाकळ्यांचे आणि एक-दोन दिवसांचेच असते. उलट त्याच्या कंदाला खाली माती नाही, मुळाशी पाणी नाही, आणि फूल, कोंब, पाने सगळे साठ्यातल्या ओलाव्यावर उभे करायचे आहे. अशा वेळी हवा कोरडी केली तर कोंबाच्या आवरणातच कळी सुकून बसते. म्हणून पहिल्या ऋतूत पासष्ट ते सत्तर आणि सतरा अंशांच्या ऋतूत ऐंशीच्या आसपास, असा चढता क्रम मी ठेवतो. सतरा अंश आणि ऐंशी टक्क्यांना तूट ०.४ किलोपास्कलच्याही किंचित खाली येते.

हे ऐंशी टक्के मिळवताना दुसरा ऋतू सुरू झाल्याबरोबर खोलीचा स्वभाव पार उलटा झाला. ऑगस्टमध्ये आळसावलेला एसी आता दिवसरात्र धापा टाकू लागला, कारण बाहेर ऑक्टोबरचे बत्तीस अंश, डोक्यावर तापलेली गच्ची आणि आत सतरा. त्याची कॉइल सात-आठ अंशांवर गेली की तिला लागून जाणारी हवा तिथले बहुतेक पाणी टाकूनच पुढे जाते. खोली बघता बघता पंचावन्न टक्क्यांवर आली. मी धुके सोडणारा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर लावला. त्याच्या टाकीत दिवसाला चार लिटर पाणी लागे, आणि कुतूहल म्हणून एसीच्या नळीखाली बादली ठेवली तर तीतही दिवसाला जवळपास चार लिटरच जमत होते. एका दाराने भरायचे आणि दुसऱ्याने उपसायचे, असा तो कारभार. विजेचे नुकसान वाटते तेवढे यात होत नाही, कारण धुके हवेत विरताना खोलीतली उष्णता शोषून गारवाही देते. खरा त्रास हेलकाव्यांचा होता. कॉम्प्रेसर थांबला की आर्द्रता ब्याण्णववर उसळे आणि चालू झाला की साठच्या खाली आपटे. शिवाय बोअरच्या पाण्यातले क्षार धुक्याबरोबर उडून ट्रेवर पांढरी पूड बसत होती. जे खायचे त्यावर ती बसू देणे शक्यच नव्हते, म्हणून आता टाकीत आरओचे पाणीच जाते.

हेलकाव्यांवरचे उत्तर अखेर मला माझ्याच जुन्या कामात सापडले. द्राक्षाच्या शीतगृहात नव्वदच्या वर आर्द्रता टिकते ती पाणी फवारून नव्हे. तिथली कॉइल मुद्दाम मोठी असते आणि ती खोलीपेक्षा काही मोजक्याच अंशांनी थंड ठेवली जाते. कॉइल आणि हवा यांच्या तापमानात जितके अंतर कमी, तितके हवेतले पाणी कमी गळते. घरगुती एसीची कॉइल मोठी करता येत नाही, पण तिच्यावरून जाणारी हवा वाढवता येते. पंखा सर्वांत जोरात ठेवला, जाळ्या दर आठवड्याला धुतल्या आणि हवेचा झोत ट्रेवर न येता छताकडे जाईल असे पाते वळवले, एवढ्याने बादलीतले पाणी चार लिटरवरून अडीचवर आले. आवाज कमी व्हावा म्हणून आधी मी पंखा सर्वांत हळू ठेवत होतो. म्हणजे पाणी उपसण्याची उत्तम सोय मी स्वतःच करून दिली होती. पावसाळ्यात मात्र हाच पंखा हळू ठेवणे फायद्याचे, आणि आता मी ऋतूनुसार तो बदलतो.

बादलीची मोजणी तेव्हापासून रोज चालू आहे. मापक दिसेल ते सांगतो, पण किती पाणी आत येते आणि किती जाते हे बादलीच सांगते. खोलीत सुमारे चौतीस घनमीटर हवा आहे. सतरा अंश आणि ऐंशी टक्क्यांना तिच्यात सगळे मिळून चारशे ग्रॅमही पाणी नसते. दीड-दोन पेले म्हणा. परतीच्या पावसाच्या दिवसांत बाहेर पंचवीस अंश आणि ऐंशी टक्के असतील, आणि दाराच्या फटींतून तासाभरात खोलीतली हवा एकदा बदलली जात असेल, तर दिवसाला साडेपाच लिटर पाणी नुसत्या फटींतून आत येते. खोलीत आहे त्याच्या चौदापट! यंत्रांवर हजारो रुपये खर्च केल्यानंतर दाराला खालून रबराची पट्टी लावण्याचा हा हिशेब मी मांडला, याची मला अजूनही लाज वाटते. नोव्हेंबरात बाहेर कोरडे वारे सुटले की त्याच फटींतून पाणी बाहेर पळू लागते, तेव्हाही तीच पट्टी उपयोगी पडते.

भिंतींच्या बाबतीत मी त्याहून मोठी चूक केली. थर्माकोलवर मी खोलीच्या आतल्या अंगाने प्लॅस्टिकचा कागद ताणून लावला आणि त्यावर प्लायवुड ठोकले. आतला दमटपणा थर्माकोलमध्ये शिरू नये, असा विचार होता. पण वाफ नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, आणि पुण्याच्या दमट, उष्ण हवेतून सतरा अंशांच्या खोलीकडे निघालेली वाफ बाहेरूनच येते. ती विटांमधून, थर्माकोलच्या सांध्यांमधून आत आली आणि थंड प्लॅस्टिकच्या पाठीवर दव होऊन बसली. दुसऱ्या वर्षी प्लायवुड उचकटले तेव्हा थर्माकोलची खालची फूटभर उंची ओली होती आणि प्लायची पाठ काळी पडली होती. वाफ अडवणारा थर नेहमी उष्ण बाजूला असावा, हा नियम शीतगृहात मी डोळ्यांत तेल घालून पाळून घेत असे. आता आधी भिंतीला लागून जाड प्लॅस्टिक, त्याचे सांधे चिकटपट्टीने बंद, आणि मग थर्माकोल, असा क्रम आहे.

खोलीची एक भिंत आमच्या झोपण्याच्या खोलीला लागून आहे. ती आतली भिंत असल्याने तिला थर्माकोल लावायची गरज नाही, असे ठरवून मी काही रुपये वाचवले होते. पलीकडच्या बाजूला सौभाग्यवतींचे लाकडी कपाट त्याच भिंतीला टेकून उभे होते. त्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस लांबला, आणि दसऱ्यानंतर केव्हातरी कपाट उघडले तर साड्यांना ओलसर वास, आणि कपाटाची पाठ हाताला चक्क भिजलेली. उघड्या भिंतीला खोलीतल्या हवेची ऊब मिळत राहते, त्यामुळे ती तितकी थंड होत नाही. कपाटामागे हवा खेळत नाही, म्हणून नेमकी तिथलीच भिंत दवबिंदूखाली गेली होती. "तुमच्या केशराने एक ग्रॅमही दिलेले नाही आणि माझी पैठणी मात्र घेतली," हे त्यावरचे भाष्य. पैठणी वाचली, पण भिंतीला थर्माकोल दुसऱ्याच दिवशी लागला आणि कपाट हातभर पुढे सरकले.

खोलीतल्या खोलीतही हवा एकसारखी नसते. पाच मजली मांडणीत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या ट्रेमध्ये मला तीन अंशांचा फरक आढळला होता, आणि तीन अंश म्हणजे आर्द्रतेत बारा-पंधरा टक्क्यांचा फरक. बुरशी खालच्या ओळींतच का धरली याचा तेव्हा उलगडा झाला. भिंतीकडे तोंड करून दोन लहान पंखे अखंड चालू ठेवले की हा फरक अंशभरावर येतो. वारा कंदांना जाणवता कामा नये. ट्रेवर धरलेल्या उदबत्तीचा धूर सावकाश कलला पाहिजे, इतपत पुरे. लाकडी ट्रेच्या तळाशी पट्ट्यांमध्ये बोटभर फटी ठेवल्यापासून कंदाच्या बुडाशी साचणारी ओलही गेली.

वीज जाण्याचा प्रश्न आमच्याकडे विशेषतः गुरुवारचा, कारण दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत पुरवठा बंद राहण्याचा तो दिवस. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही. पाण्याने भरलेल्या वीस लिटरच्या सहा कॅन मांडणीखाली ठेवल्या आहेत. त्या खोलीबरोबर सतरा अंशांवर येऊन बसतात आणि वीज गेल्यावर चार-पाच तास तापमान फार तर तीन अंश चढू देतात, अर्थात दार उघडले नाही तर. पाहुण्यांना म्हणूनच गुरुवारी बोलावत नाही.

फुले नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतात आणि दोन-अडीच आठवडे चालतात. पहाटे खुडायची, तिन्ही काड्या अलगद वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी वाळवायच्या. ताज्या पाच ग्रॅम काड्यांचे वाळून जेमतेम एक ग्रॅम होते, म्हणजे इथेही काम पाणी काढण्याचेच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अखंड काड्यांत बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असता कामा नये. मी पन्नास अंशांच्या आतल्या ड्रायरमध्ये वाळवतो. पहिल्या वर्षी हा ड्रायर मी केशराच्या खोलीतच ठेवला होता. एकीकडे सतरा अंशांसाठी एसी आणि दुसरीकडे पन्नास अंशांचा ड्रायर एकाच हवेत. आता तो स्वयंपाकघरात असतो. वाळलेल्या काड्या बरणीत जाईपर्यंत स्वयंपाकघरातली हवा पुन्हा त्यांत शिरते, म्हणून ड्रायरमधून काढल्यापासून झाकण लावेपर्यंत दहा मिनिटांच्या वर वेळ जाऊ देत नाही.

पैशांचे विचारणाऱ्यांसाठी आकडे देतो. एक ग्रॅम केशराला दीडशेच्या वर फुले लागतात. पहिल्या वर्षी चार हजार कंदांवर साधारण बावीसशे फुले आणि चौदा ग्रॅम केशर. दुसऱ्या वर्षी अडीच हजार नव्या कंदांवर एकतीसशे फुले आणि वीस ग्रॅम. फुलांच्या हंगामात एसी रोज सात-आठ युनिट खातो. यात विजेचे बिलही निघाले नाही, कंदांची किंमत तर दूरच, आणि एका खोलीतून लाखो रुपये मिळवून देण्याच्या जाहिरातींना मी याहून वेगळे उत्तर देऊ शकत नाही. त्या जाहिराती फुलानंतरच्या सहा महिन्यांविषयी गप्प असतात. नवे कंद पोसण्यासाठी एप्रिलपर्यंत थंडी आणि भरपूर उजेड हवा असतो. दोनशे वॅटचे दिवे लावले तर ते दोनशे वॅट शेवटी उष्णताच होऊन खोलीत राहतात, आणि गच्चीवर कुंड्यांत लावले तर पुण्याचा मार्च पाने वेळेआधीच पिवळी करतो. माझ्या गच्चीवरच्या कंदांचे सरासरी वजन चार ग्रॅम भरले. आठ ग्रॅमच्या खालचा कंद सहसा फुलत नाही. म्हणून दर वर्षी नवे कंद विकत घेणे आले.

यंदा पंधराशेच कंद घेतले आहेत आणि मांडणी पाचऐवजी तीन मजल्यांची केली आहे, म्हणजे खालची सर्वांत ओली आणि वरची सर्वांत उष्ण अशा दोन्ही ओळी रिकाम्या राहिल्या. आज बाहेर दिवसभर झड होती. डिह्युमिडिफायरच्या टाकीत सकाळपासून दोन लिटर आणि शंभर मिलिलिटर पाणी जमले, बल्ब रात्री आठला लावला, चौघे मापक आपापली चूक वजा करून सहासष्ट ते एकोणसत्तरच्या दरम्यान आहेत आणि बशीतले मीठ बोटाला सुटे लागते आहे.